शेडमधले दोन ढीग

माझ्या नवऱ्याने स्वतःच्या मयताची लाकडं चार वर्षांपूर्वीच फोडून, सुकवून, रचून ठेवली. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. त्यांनी माझीही ठेवली.

कोणाला सांगायला गेलं की लोक हसतात. हसा. तुमच्या घरामागे तुमच्या नावाचा ढीग रचलेला नाही, म्हणून हसू येतं.

आमचं गाव वाणगाव स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. चिकूची वाडी, थोडी भातशेती. नवऱ्याचं नाव विश्राम. तोंडावर मी कधी नाव घेत नाही, पण लिहिताना घ्यायला हरकत नाही. तौक्ते वादळात वाडीतला सासऱ्यांनी लावलेला रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. चिकूची पंधरा झाडं गेली त्याचं ह्यांना एवढं वाटलं नाही, पण त्या आंब्याभोवती दोन दिवस फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी माणसं लावून झाड कापायला घेतलं आणि संध्याकाळी हात धुता धुता मला म्हणाले, "मंगल, दोघांचं आरामात होतंय."

"कसलं दोघांचं?"

"आपलं."

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना गणित शिकवलं, पण हे गणित मला सुटलं नाही. मला वाटलं, पलंग करायचा विचार आहे. मी म्हटलं, "उंची जरा कमी ठेवायला सांगा, माझे गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी कळलं.

आता ह्यात सगळा चक्रमपणा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी मयत झालं की घरटी एक लाकूड द्यायची रीत. पूर्वी प्रत्येकाच्या पडवीत सरपण असायचं. आता घरोघरी गॅस. लाकूड कुठलं द्यायचं? दिलं तर बाहेर पावसात भिजलेलं. ह्यांचे वडील गेले ते भर श्रावणात. हे तेव्हा बावीस वर्षांचे. लाकडं ओली, नुसता धूर. शेवटी बंदरावरून होडीच्या इंजिनाचं डिझेल आणून ओतलं, तरी संध्याकाळपर्यंत धड पेटेना. ह्यांना तिथे उभं राहून सगळं बघावं लागलं. काय बघितलं ते लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला एकदाच सांगितलं आणि परत कधी तो विषय काढला नाही. त्यामुळे 'माझ्या पोरावर ही पाळी नको' असं त्यांना वाटलं तर मी समजू शकते.

पण समजून घ्यायलाही काही हद्द असते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन ढीग लागले. प्रत्येक लाकडाच्या तोंडावर चुन्याने अक्षर. एका ढिगावर 'वि', दुसऱ्यावर 'मं'. चिकूचे क्रेट बाहेर पावसात आणि आमची मयतं आत कोरडी! दर उन्हाळ्यात लाकडं खाली काढून उन्हात घालायची, परत रचायची. एकदा माझ्या ढिगातून घोणस निघाली. मी किंचाळले तर हे म्हणतात, "हळू, लाकडं पडतील." कोणी पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याला शेडमध्ये घेऊन जायचे. सुनेचे आईवडील पहिल्यांदा घरी आले तेव्हासुद्धा. विहीणबाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी बशीतलं फरसाण सारखं करत बसले.

आणि खरी संतापाची गोष्ट पुढेच आहे. गावात पावसाळ्यात कोणी गेलं की लोक आमच्याकडे यायला लागले. "काका, सुकी लाकडं हायत का?" काका लगेच उठायचे. देणार कुठली? माझी! दर वेळी माझ्याच ढिगाला हात. स्वतःच्या ढिगाची ढलपीसुद्धा काढू देत नसत. मग उन्हाळ्यात माझा ढीग भरून काढायचा: कधी सुरूचे ओंडके, कधी चिकूच्या फांद्या, जे हाताला लागेल ते, आणि त्यावर परत चुन्याने 'मं'. गेल्या चार वर्षांत गावातली पाच माणसं माझ्या नावावर जळली.

"माझीच का?" एकदा मी विचारलंच.

"तुला अजून टाइम हाय," हे म्हणाले. "मी आधी जानार. तुझी भरून काढायला मला वेळ मिळतो."

म्हणजे ह्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. कोण आधी जाणार, कोण मागे राहणार. मागे राहणाऱ्या बाईने त्या शेडशेजारी एकटीने कसं राहायचं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. मला कोणी विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भाजी कुठली करू हे मी ह्यांना रोज विचारलं, आणि ह्यांनी मला हे विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यात ह्यांना वाडीत चक्कर आली. प्रणव, आमचा मुलगा, कुंभवलीला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने अर्धी रजा टाकून बोईसरला डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक झडप आखडलीय, म्हणाले. मुंबईला नेऊन बदलून घ्या. केलं तर हा माणूस आणखी दहा-बारा वर्षं मजेत काढेल. नाही केलं तर वर्षभरात कधीही. वयाच्या मानाने धोका आहे, पण घेण्यासारखा आहे.

घरी आल्यावर हे झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "नाय करायचं."

"का?"

"चौऱ्याहत्तर झाली. पोराचं सगळं झालं. नात बघितली. लाकडं तयार हायत. आता चिरफाड कशाला?"

लाकडं तयार आहेत! एखाद्याने डबा भरून ठेवलाय म्हणून शाळेत जावं, तसं. मी समजावलं, भांडले, दोन दिवस जेवले नाही. गॅस झाला म्हणून तिसऱ्या दिवशी जेवले. प्रणवने समजावलं, सून कीर्तीने समजावलं. ह्यांचं एकच. मी तयार हाय. माझी काय तक्रार नाय. चेहरा असा शांत की गावातले लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, बाई, काकांसारखी तयारी पायजे माणसाची. मला त्या शांत चेहऱ्यावर पाणी ओतावंसं वाटायचं. जिना चढताना ह्यांचा श्वास फुलायचा तो मला खालच्या खोलीत ऐकू येत होता. मागे सोडवणार नाही असं आपलं काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून? आणि मी? मी सोडून जाण्यासारखी नव्हते का? हे मी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं.

जुलैत प्रणवने कसंबसं एवढं कबूल करून घेतलं की निदान हृदयाची सोनोग्राफी, ती इको, परत काढू. त्यासाठी सकाळी दोघे बोईसरला गेले. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. दहाच्या सुमाराला दाराशी टेम्पो उभा राहिला. बंदरावरचा देवू तांडेल, बरोबर चार माणसं, डोक्यावर ताडपत्री. त्याचा बाप महादू सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसला, तो बसल्या जागीच गेला. महादू म्हणजे ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. वडिलांच्या वेळी होडीचं डिझेल काढून देणारा तोच. दर शनिवारी आमच्याकडे मासे घेऊन यायचा आणि मासे घासाघीस न करता घेते म्हणून मला नावं ठेवायचा.

मी देवूला आत घेतलं, पाणी दिलं. तो तिसरीत माझ्या वर्गात होता, अजून माझ्यासमोर बसत नाही.

"काकांना फोन केला बाई," तो म्हणाला. "ते परस्पर बंदरावर येतात म्हनाले. तुमच्यातली नेऊ ना लाकडं?"

तुमच्यातली. साऱ्या गावाला पाठ झालं होतं.

"नको," मी म्हटलं. "'वि'ची ने."

"काकांची?"

"हो."

"काका काय बोलतील बाई…"

"काकांना मी बघते. सगळी ने. एक ढलपी ठेवू नको."

विचार काय केलास, असं नंतर प्रणवने मला विचारलं. विचार केलाच नव्हता. राग होता. माणसं लाकडं उचलत होती आणि मी दारात उभी राहून एकेक 'वि' जाताना बघत होते. वाटलं, आता बघते कसे तयार आहात ते. टेम्पो गेल्यावर शेडमध्ये जमिनीवर एक स्वच्छ कोरडा चौकोन राहिला. मी ताबडतोब चिकूचे क्रेट ओढत आणले आणि तिथे रचून टाकले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे बोईसरहून थेट बंदरावर जाणार. घरी येऊन मी सांगायच्या आतच त्यांना कळणार, आणि तेही चार लोकांत.

तिथे काय झालं ते प्रणवने सांगितलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. हे गाडीतून उतरले, छत्री घेऊन पुढे गेले. तिथल्या पत्र्याखाली लाकडं रचून झाली होती. समोरच्या बाजूला चुन्याने लिहिलेला 'वि', 'वि', 'वि'. वर महादू. हे जागीच थांबले. गर्दीतल्या खंडेरावांनी विचारलं, "विश्रामभाऊ, ही तुमची ना?"

प्रणव म्हणतो, बाबांनी आधी छत्री मिटवली. मग म्हणाले, "हां. मीच सांगितलेलं द्यायला."

खोटं! पण मला उघडं पाडलं नाही. हे ऐकल्यावर मला त्यांचा आणखी राग आला.

संध्याकाळी घरी आले. मी न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलं होतं, भांडणाची पूर्ण तयारी होती. काय काय म्हणतील, मी काय काय म्हणेन, सगळ्याची मनात उजळणी करून झाली होती. हे आले, आंघोळ केली, चहा प्यायले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. शेडकडे बघितलंसुद्धा नाही. रात्री जेवले. दुसऱ्या दिवशी जेवले. एक अक्षर नाही. आरडाओरडा करणाऱ्याला उत्तर देता येतं हो, ह्या असल्या माणसाचं काय करायचं? मी भांडी आपटली. मग कपाट आपटलं. कीर्ती लेकीला घेऊन वरच्या मजल्यावर गेली ती खालीच येईना.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं महादूच्या घरी भेटायला गेलो. काशीबाई, महादूची बायको, भिंतीला टेकून बसली होती. माझा हात धरून रडली. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "विश्रामभाव, तुमचे उपकार. देवू सांगत होता, एका काडीत पेटली. धूर नाय झाला." हे नुसती मान हलवत राहिले.

परत येताना आम्ही बंदराच्या रस्त्याने चालत होतो. ह्यांना दम लागला म्हणून एका उलट्या घातलेल्या होडीजवळ थांबलो. पाऊस जरा उघडला होता. मासळी सुकवायच्या दोरीवर काही नव्हतं, नुसत्या रिकाम्या काठ्या उभ्या होत्या.

"एका काडीत पेटली," हे म्हणाले.

मी त्यांच्या हातातली छत्री घेतली.

"अडीच तासात सगळं झालं. चार वर्षं मी ती लाकडं उन्हात घातली, आत घेतली, रचली. माझ्या वडलांसारखं नको, चांगलं पेटायला पायजे, एवढंच डोक्यात. पन ती पेटतानी कशी दिसतील ते माझ्या कधी मनात आलंच नाय." मग थोडा वेळ श्वास घेत राहिले. "माझी अक्षरं आधी गेली गं. चुना तडकला आनि गेली. मी महादूकडे बघायचं सोडून त्या अक्षरांकडेच बघत होतो."

"मी मुद्दाम दिली," मी म्हटलं.

"म्हायत हाय."

"तुमच्यावरच्या रागाने दिली."

"तेपन म्हायत हाय." होडीवर हात ठेवून ते समुद्राकडे बघत होते. "मंगल, मला भीती वाटते. तिथं उभा राहिलो तवा कळलं. मी काय तयार-बियार नाय."

पंचेचाळीस वर्षांत ह्या माणसाने मला 'भीती वाटते' असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांना जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, असं एखादीने केलं असतं. मी म्हटलं, "मग हे मे महिन्यात सांगायला काय झालेलं? दोन महिने माझं रक्त आटवलंत!"

"तवा लाकडं होती ना," हे म्हणाले. "त्यांच्याकडे बघितलं की बरं वाटायचं. वाटायचं, सगळं आपल्या हातात हाय." मग म्हणाले, "प्रणवला सांग, तारीख घे."

तारीख मिळाली, पुढच्या मंगळवारची. मी जिंकले होते. आठ दिवस घरात माझा रुबाब बघण्यासारखा होता. रिपोर्ट एका पिशवीत, औषधं दुसऱ्या पिशवीत, ह्यांचे दोन लेंगे, चार बनियन, टॉवेल. शेजारच्या येसूबाई म्हणाल्या, बाई, तुम्हीच केलंत हो हे, दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मी म्हटलं, मग काय!

मंगळवारी सकाळी सातला निघालो. प्रणव गाडी चालवत होता, आम्ही दोघं मागे. बोईसरला ड्यूटी सुटलेल्या आणि ड्यूटीवर निघालेल्या कामगारांची गर्दी. "अरे भैया, साइड दे," करत प्रणव बाहेर पडला. बेटेगाव मागे पडलं. हे खिडकीतून भाताच्या खाचरांकडे बघत होते, हातात ती रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मी सहज त्यांच्याकडे बघितलं. हनुवटीखाली दाढीचे चार केस राहून गेले होते. सकाळी घाईत राहिले असणार.

आणि मला काय झालं कोण जाणे. डॉक्टरांनी सांगितलेला धोका आहे, धोका आहे, हे मी आठ दिवस लोकांना स्वतः सांगत होते. पण 'धोका' म्हणजे ही हनुवटी, हे मला त्या गाडीत कळलं. हा माणूस आपला झोपाळ्यावर बसला होता. वर्षभर का होईना, बसला असता. मी त्याला तिथून उठवला. त्याचा ढीग फुंकून टाकला, त्याला घाबरवला, आणि आता टेबलावर घेऊन चालले होते. टेबलावर काही झालं तर ते मी केलेलं असणार, दुसऱ्या कोणी नाही. कसली जिंकले?

"प्रणव, गाडी वळव," मी म्हटलं.

"काय झालं आई? काय राहिलं?"

"काही राहिलं नाही. घरी चल. नाय करायचं ऑपरेशन."

प्रणवने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "आई, तुम्ही दोघांनी मला वेड लावायचं ठरवलंय काय?"

मग मी रडले. पोरासमोर, रस्त्याच्या कडेला, तोंडात पदर कोंबून. सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "मला तुमची तयारी नको होती आणि आता तुमचं ऑपरेशनपन नको. तुमी गेलात तर मी काय करू? मला नाय जमायचं एकटीला. मी ढीगबिग बघून शांत व्हनारी बाई नाय. तुमी मला सोडून जायला निघालात आनि वर शांत होतात, म्हणून मी ती लाकडं दिली. तुमी जायला नको एवढंच हाय माझं. दुसरं काय नाय." इतकी वर्षं पोरांची भाषा सुधारली आणि ऐन वेळेला माझ्या तोंडातून माझ्या आईची भाषा बाहेर पडली.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी अशी बोलेन हे त्यांच्या ध्यानीमनी नसावं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि माझा हात आपल्या हातात घेतला. प्रणवच्या देखत. त्यांचा हात गार होता.

"वेडी हायस काय," ते म्हणाले. "माझी तर तू देऊन टाकलीस. आता घरात हाय तो तुझा ढीग. त्याच्यावर मी जानार नाय. इतकी वर्षं दुसऱ्यांना दिली ती दिली, आता तुझं कायपन कोनी घ्यायचं नाय, मीपन नाय. म्हनजे मला परत यावंच लागनार."

मी म्हटलं, "हे डॉक्टरला सांगा."

"सांगतो," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर थोपटलं. "चल रे, घे गाडी."

प्रणवने आरशातून आमच्याकडे एकदा बघितलं, डोळे पुसले आणि गाडी रस्त्यावर घेतली. चिल्हार फाट्याला गाडी मुंबईच्या हायवेला लागली, तरी हात ह्यांनी सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.